दहाव्या नंबरवर बेअर्सने कोणाला घ्यावं: जेन्टी की लाइन?

नेपरविलकर, १३ एप्रिल २०२५

येत्या २४ तारखेला, गुरुवारी, ग्रीन बेला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट आहे. शिकागो बेअर्सची पहिली निवड दहाव्या नंबरवर. आठवडाभर घरात, ऑफिसात, देवळाच्या पार्किंगमध्ये एकच विषय चालू आहे: बॉइझी स्टेट कॉलेजचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ॲश्टन जेन्टी दहाव्यापर्यंत शिल्लक राहिला तर घ्यायचा का? माझं म्हणणं, नाही घ्यायचा; लाइनचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला राखणाऱ्या पुढच्या पाचांतला, माणूस घ्यावा. का, ते लिहितो.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणारी मुलं संघ आळीपाळीने निवडतात, एकूण सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो तळाला, त्याचा नंबर आधी. नंबरांची आपसात देवाणघेवाण करता येते. गेल्या मोसमात आपण १७ पैकी ५ सामने जिंकलो, म्हणून दहावे.

आता मुद्दा. गेल्या मोसमात आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) कॅलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला. म्हणजे चेंडू हातातून सुटायच्या आत ६८ वेळा त्याला आडवं केलं. एका मोसमात याहून जास्त सॅक लीगच्या इतिहासात फक्त दोघांच्या नावावर आहेत: डेव्हिड कार, २००२ मध्ये ७६, आणि रँडल कनिंगहॅम, १९८६ मध्ये ७२. पहिल्याच वर्षी एवढा मार खाल्लेला मुलगा आणखी किती वर्षं धडधाकट राहणार?

माझा मुलगा शाळेच्या संघात गार्ड, म्हणजे लाइनमध्ये, खेळतो. त्याच्यामुळे मी चेंडू सोडून पुढच्या पाच जणांकडे बघायला शिकलो. एकदा ती सवय लागली की कळतं, मैदानावर जे काही घडतं त्याचा निकाल पहिल्या दोन सेकंदांत तिथेच लागलेला असतो.

जनरल मॅनेजर रायन पोल्स स्वतः कॉलेजात लाइनमध्ये खेळलेला माणूस. मार्चमध्ये त्याने जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन आणून मधली फळी नवी केली. उजवीकडे डार्नेल राइट आहे. उरला डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा. तिथला ब्रॅक्स्टन जोन्स डिसेंबरमध्ये घोटा मोडून घेऊन बसला. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा मार तोच माणूस अडवतो. विल कॅम्पबेल, आर्मंड मेम्बू, केल्विन बँक्स, या तिघांपैकी जो उरेल तो घ्यावा. धावणारा दुसऱ्या फेरीत बघू, तिथे आपल्याकडे ३९ आणि ४१ असे दोन नंबर आहेत.

चढाई, १३ एप्रिल

नेपरविलकर, तुमची तळमळ समजते, पण मला हे अजिबात पटत नाही.

जेन्टीने गेल्या मोसमात चेंडू घेऊन धावत २६०१ यार्ड काढले. बॅरी सँडर्सचा १९८८ चा कॉलेजातला विक्रम २६२८ चा आहे, २७ यार्ड कमी पडले. त्यातला मोठा भाग त्याने अंगाला हात लागल्यानंतर काढलाय. पहिल्या माणसाने तो पडतच नाही. त्याची धाव आवाज बंद करून बघा, फक्त पाय बघा.

आणि आता आपला प्रशिक्षक कोण आहे? बेन जॉन्सन. डेट्रॉइटला २०२३ मध्ये तो आक्रमणाचा समन्वयक असताना लायन्सनी बाराव्या नंबरवर जमीर गिब्जला घेतलं. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की रनिंग बॅकला इतक्या वर घेतात का. गेल्या मोसमात गिब्जने १४१२ यार्ड आणि एकूण २० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) काढले. आपला धावणारा स्विफ्ट, त्याचे ९५९, प्रत्येक धावेला चार यार्डसुद्धा नाहीत. धावणाऱ्याची भीती नसली की समोरचा बचाव बेधडक क्वार्टरबॅकवर येतो. त्या ६८ सॅकमध्ये याचाही वाटा आहे.

नेपरविलकर, १४ एप्रिल

गिब्जचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. लायन्सनी टेलर डेकर २०१६ मध्ये घेतला, फ्रँक रॅगनाओ २०१८ मध्ये, पेनाय सूवेल २०२१ मध्ये. तिघेही पहिल्या फेरीत, तिघेही लाइनचे. सात वर्षं पाया घातला, मग गिब्ज आला. आपण पायाचे दगड आत्ता कुठे आणलेत.

जुना बेअर, १४ एप्रिल

मी ८२ साली शिकागोला आलो. वॉल्टर पेटनला डोळ्यांनी खेळताना पाहिलंय, म्हणून लिहितो.

पेटन १९७५ च्या ड्राफ्टमधला, चौथा नंबर. पहिल्या सामन्यात ८ वेळा धावून शून्य यार्ड. १९७७ मध्ये ताप अंगात घेऊन मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड धावला, मोसमात १८५२. तरी प्लेऑफमध्ये डॅलसने ३७-७ असं धुतलं. त्याच्याइतका धावणारा मी पुन्हा बघितला नाही, आणि त्यालाही सुपर बोलची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, अंगठी मिळाली ती अकराव्या मोसमात. मधल्या काळात काय झालं? १९८३ चा ड्राफ्ट झाला. पहिल्या फेरीत सहाव्या नंबरवर जिमबो कोव्हर्ट, डावा टॅकल. आठव्या फेरीत मार्क बोर्ट्‌झ, जो पुढे डावा गार्ड झाला, आणि त्याच फेरीत बचावातला रिचर्ड डेंट. जानेवारी ८६ मध्ये पॅट्रियट्सना ४६-१० ने हरवलं तो संघ या मुलांवर उभा होता.

पेटननंतर आपण दोनदा तसाच हिरा शोधायला वर गेलो. १९९८ ला कर्टिस एनिस, पाचवा. २००५ ला सेड्रिक बेन्सन, चौथा. दोघांचं काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. मॅट फोर्टे मात्र दुसऱ्या फेरीत ४४ वा सापडला, जॉर्डन हॉवर्ड तर पाचव्या फेरीत, आणि त्याने पहिल्याच वर्षी १३१३ यार्ड काढले.

चढाई, १४ एप्रिल

काका, पेटनबद्दल तुमच्यासमोर मी काय बोलणार. पण एक विचारतो. तेव्हा पेटनऐवजी कुठला तरी टॅकल घेतला असता तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणाल का? मला नाही वाटत. पेटन घेतला ते बरोबरच होतं. चूक झाली ती पुढची आठ वर्षं त्याच्यापुढे माणसं उभी केली नाहीत, ही. आज तीन माणसं आधीच आणलीत. म्हणजे त्या वेळची चूक आपण दुरुस्त करून बसलोय.

जुना बेअर, १४ एप्रिल

पेटन घ्यायलाच हवा होता. हे तुझं म्हणणं मान्य.

रात्रपाळी, १५ एप्रिल

पुण्याहून लिहितोय. शिकागोतला दुपारचा सामना आमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेअकराला. गेल्या मोसमात ४-२ वरून सलग दहा सामने हरताना मी सगळे बघितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो. तेव्हा मला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

माझा मुद्दा जेन्टीपेक्षा मोठा आहे. गरज बघून निवड करू नये, खेळाडू बघून करावी. २०२३ आठवा. आपल्याकडे नववा नंबर होता. समोर जॉर्जियाचा जेलन कार्टर दिसत होता. आपल्याला टॅकल हवा होता म्हणून आपण एक पायरी खाली उतरलो, नववा नंबर फिलाडेल्फियाला दिला, आणि दहाव्यावर राइटला घेतलं. फिलाडेल्फियाने कार्टर घेतला. राइट चांगला आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण फेब्रुवारीत सुपर बोल कोणी जिंकला आणि त्या बचावाच्या मध्यभागी कोण होता, ते सगळ्यांनी पाहिलंय. दहाव्या नंबरला यादीत जो सर्वांत वर असेल तो घ्या. जेन्टी असेल तर जेन्टी. टॅकल असेल तर टॅकल.

डावा कोपरा, १५ एप्रिल

मी कॉलेजपर्यंत कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्याला. लग्नानंतर शॉमबर्गला आले आणि हा खेळ बघायला लागले तो पकडीच्या ओढीनेच. लोक चढाईचे गुण मोजतात. पण साखळीत एक हात ढिला असला की चांगला रेडर तेवढ्यातूनच निसटतो, बाकीचे सहा जण कितीही तगडे असू देत. लाइनचं तंतोतंत असंच असतं. पाचांतले चार उत्तम असून भागत नाही.

रात्रपाळी, तुम्ही सुपर बोलचा दाखला दिलात, तर त्यातलीच दुसरी गोष्ट सांगते. फिलाडेल्फिया ४०-२२ जिंकली. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स सहा वेळा सॅक झाला, आणि फिलाडेल्फियाने जादा माणूस एकदाही धाडला नाही, फक्त पुढच्या चौघांनी काम केलं. त्या दिवशी कॅन्सस सिटीचा डावा टॅकल कोण होता? आपला हाच जो थूनी. तो देशातल्या उत्तम गार्डपैकी एक आहे. त्यांच्याकडे भरवशाचा टॅकल उरला नव्हता म्हणून गार्डला तिथे उभं केलं. एवढा मोठा खेळाडू, पण ती जागा त्याची नव्हती. मार्चमध्ये तीन माणसं आणली म्हणून काम झालं असं म्हणणाऱ्यांनी तो सामना परत लावून बघावा.

आणि धावणारा सेकॉन बार्कली. जायंट्सनी त्याला २०१८ ला दुसऱ्या नंबरवर घेतलं. सहा वर्षांत काय हाती लागलं? तोच माणूस फिलाडेल्फियाच्या लाइनमागे गेला आणि पहिल्याच मोसमात २००५ यार्ड.

चढाई, १५ एप्रिल

ताई, बार्कलीच्या आधीही जवळपास तीच लाइन होती, आणि त्यांनी तरीही पैसे मोजून बार्कलीला आणलंच ना? आधीच्या धावणाऱ्याच्या नावावर २००५ यार्ड नव्हते. लाइन आणि धावणारा दोन्ही लागतात हे तुम्हीच सिद्ध करताय.

जेन्टीचं आणखी एक कोणी बोलत नाही. तो झेलतोही. २०२३ मध्ये ४३ झेल, ५६९ यार्ड. वडील नौदलात, त्यामुळे हा मुलगा फुटबॉल खेळायला लागला इटलीत, नेपल्सजवळ. तिथून बॉइझी, आणि मोठ्या कॉलेजांनी बोलावलं तरी बॉइझी सोडलं नाही. असा मुलगा आपल्या सोल्जर फील्डवर, तळ्यावरून वारा सुटलेला असताना, चेंडू फेकणं अशक्य असताना. मला तो तिथे हवाय.

नेपरविलकर, २४ एप्रिल, रात्री

झालं. कोणाचंच खरं ठरलं नाही.

जेन्टी सहाव्या नंबरवर लास वेगसला गेला. कॅम्पबेल चौथा, मेम्बू सातवा, बँक्स नववा. आपल्या अगदी एक पाऊल आधी तिसरा टॅकलही संपला. बँक्सचं नाव पुकारलं तेव्हा मुलगा सोफ्यावरून उठून आत निघून गेला. आणि दहाव्यावर आपण घेतला मिशिगनचा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून झेलणारा), कोल्स्टन लव्हलँड.

रात्रपाळी, २५ एप्रिल

सकाळी साडेपाचपासून लावून बसलो होतो. टाइट एंडच घ्यायचा तर पेन स्टेटचा टायलर वॉरन समोर होता! लव्हलँडच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालीय. आपल्याकडे टाइट एंड कोल कमेट आहे. मग हे कुठल्या हिशोबाने? गरजही नाही आणि यादीत वरचाही नाही. मला खरंच वाईट वाटलंय.

चढाई, २५ एप्रिल

जेन्टी गेल्याचं दुःख आहेच. पण लव्हलँडवर मी रागावणार नाही. दुखऱ्या खांद्याने दहा सामन्यांत ५६ झेल घेतलेत, तेही मिशिगनला धड क्वार्टरबॅक नसताना. जॉन्सनच्या हाताखाली सॅम लापोर्टाने पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले होते. टाइट एंड कसा वापरायचा हे या माणसाला ठाऊक आहे.

डावा कोपरा, २६ एप्रिल

सगळ्या फेऱ्या संपल्या. ३९ व्याला ल्युथर बर्डन, म्हणजे आणखी एक झेलणारा. ४१ वा नंबर बफलोला देऊन खाली उतरलो आणि ५६ व्याला बॉस्टन कॉलेजचा टॅकल ओझी ट्रापिलो घेतला. पोल्सचंच कॉलेज. धावणारा आला तो थेट सातव्या फेरीत, २३३ वा: रट्‌गर्सचा काइल मोनंगाय. टॅकल आला याचं समाधान, पण तो कॉलेजात शेवटी उजवीकडे खेळत होता. डाव्या बाजूची काळजी मला आहे तिथेच आहे.

चढाई, २९ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतोय. काल लास वेगसमध्ये आपण २५-२४ जिंकलो, त्यांच्या शेवटच्या किकला आपल्या ब्लॅकवेलने हात घातला म्हणून. जेन्टी आपल्याविरुद्ध १३८ यार्ड धावला आणि तीन टचडाउन केले. नेपरविलकर, तुम्ही बघितलंत ना?

नेपरविलकर, २९ सप्टेंबर

बघितलं. मुलगा थोर आहे, ते मी कधीच नाकारलं नव्हतं. पण त्याचा संघ हरला.

रात्रपाळी, ३ नोव्हेंबर २०२५

रात्रीचे पावणेतीन. सिनसिनाटीत ४७-४२. स्विफ्ट जखमी होता, म्हणून सातव्या फेरीतला मोनंगाय उतरला: २६ वेळा धावून १७६ यार्ड. आणि १७ सेकंद उरले असताना कॅलेबने मधोमध फेकलेला चेंडू घेऊन लव्हलँड ५८ यार्ड पळाला. दोन माणसं त्याच्या अंगावरून घसरून पडली. मी ओरडलो आणि शेजारच्या खोलीत आई जागी झाली. एप्रिलमध्ये मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

जुना बेअर, ३ नोव्हेंबर

फोर्टे, हॉवर्ड आणि आता हा मोनंगाय. एप्रिलमध्ये हेच सांगत होतो.

चढाई, ३ नोव्हेंबर

काका, एका सामन्यावरून नको. सिनसिनाटीचा बचाव या मोसमात सगळ्यांनाच धावू देतोय. जेन्टीने आपल्याविरुद्ध काढले ते १३८ मला जास्त मोठे वाटतात.

डावा कोपरा, ३ नोव्हेंबर

आणि डावा टॅकल? जोन्सला बसवलंय, बेनेडेटला उभं केलंय, ट्रापिलो अजून वाट बघतोय. रविवारी जायंट्स सोल्जर फील्डवर येतायत. मी पहिल्या खेळीपासून फक्त त्या एका जागेकडे बघणार आहे.