मास्कखालची ती पंधरा मिनिटं : डोकं-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन आणि भीती (अनुभव धागा)

जिभेच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर मला ३० सिटिंगचं रेडिएशन झालं. आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे. तोंड येईल, चव जाईल, लाळ आटेल, हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मास्कबद्दल मात्र "एक जाळी बसवतात" एवढंच. त्या जाळीचीच मी सगळ्यात जास्त धास्ती घेतली. ज्यांनी हे सोसलंय, किंवा सोसणाऱ्याच्या शेजारी जे बसलेत, त्यांनी कृपया लिहा. औषधांचे डोस नकोत. मनाचं काय झालं आणि कशाने निभावलं, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

किरण देताना डोकं हलू नये म्हणून बसवायचा हा मास्क प्लास्टिकच्या जाळीदार शीटचा असतो. गरम पाण्यात ती मऊ पडते, मग तशीच ओली चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत ताणून बसवतात. पहिलं अर्धं मिनिट बरं वाटलं, गरम टॉवेल ठेवल्यासारखं. मग ती गार होत आवळत गेली, नाकाचा शेंडा, भुवया, हनुवटी, सगळीकडून. आवंढा गिळायला गेले तर गळा जाळीला लागला. "हलू नका" म्हटल्यावर पापणी हलवायलाही जीव घाबरायला लागला. त्या रात्री पांघरूण तोंडावरून घेता आलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी मी टेक्निशियनला विचारलं, आत नक्की काय काय होतं ते क्रमाने सांगा. आधी मशीन फिरून स्कॅन घेतं. मग बराच वेळ काहीच होत नाही. मग टेबल किंचित सरकतं, आणि मग घरघर करत किरणांच्या फेऱ्या. माझ्या दोन होत्या. ती मधली शांतता मला खायला उठायची, सगळे मला विसरून गेले असं वाटायचं. त्या वेळात ते बाहेर आजचा स्कॅन आधीच्या स्कॅनशी जुळवून बघत असतात, हे कळल्यावर तीच शांतता मला आधाराची वाटायला लागली. कुणीतरी माझ्याचकडे बघतंय.

स्वरयंत्र, ३५ सिटिंग

मला लिफ्टमध्येसुद्धा कोंडल्यासारखं होतं. हे मी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. आधीच एवढं मोठं दुखणं, त्यात हे काय सांगायचं, असं वाटलं. पहिले तीन दिवस दात आवळून काढले. चौथ्या दिवशी मास्क टेबलाला पक्का करणाऱ्या क्लिपा खटखट लागल्या आणि छाती धडधडायला लागली. कानात नुसता माझाच श्वास. मी हात वर केला. मशीन थांबलं, दार उघडलं, क्लिपा निघाल्या. फार थोडा वेळ गेला असेल, पण मी उठून बसलो आणि हमसून रडलो. तिथल्या एका माणसाने म्हटलं, "अहो, लहान मुलंसुद्धा करून घेतात." ते फार लागलं. लहान मुलांना यासाठी बहुतेकदा भूल देतात, हे मला नंतर समजलं.

पण त्याच दिवशी एका ताई टेक्निशियननी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आता खात्री झाली ना? तुम्ही हात वर केला की आम्ही येतो." तेवढ्या एका वाक्यावर पुढच्या ३१ सिटिंग झाल्या. त्यांनी डॉक्टरांना विचारून डोळ्यांपाशी जाळी कापून दिली. सगळ्यांचीच कापता येत नाही, किरण कुठे द्यायचेत त्यावर ते ठरतं. पण विचारायला हवं. शिवाय रोज आधी मास्क नुसता ठेवायचा, क्लिपा न लावता, मी तीन श्वास घ्यायचे आणि अंगठा दाखवायचा. मग क्लिपा. माझ्या अंगठ्याशिवाय क्लिप लागत नाही, ही गोष्ट माझ्यासाठी गोळीपेक्षा मोठी होती.

पत्नी, रुग्ण माझे यजमान

ह्यांच्या गळ्याला श्वासासाठी नळी बसवलेली होती, त्यामुळे आवाज नाही. ओरडून सांगता येत नाही, ही त्यांची खरी भीती. ती त्यांनी पाटीवर लिहिली तेव्हा मला समजली : "कफ अडकला तर?" मग आम्ही ठरवून टाकलं. आत जायच्या आधी नर्स नळी सक्शनने साफ करणार, आणि हातात दाबायची घंटी देणार. दोन वेळा त्यांनी ती दाबली, दोन्ही वेळा माणसं धावत आली.

माझ्या भीतीचं लिहू का? मी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि दारावरचा लाल दिवा बघत राहायचे. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिला की पोटात गोळा यायचा. मलाही कुणाशी तरी बोलायला हवं होतं, ते मी फार उशिरा केलं.

टॉन्सिल, ३५ सिटिंग, सोबत केमो

मी सरळ भीती कमी करायची गोळी घेतली. डॉक्टरांनी दिलेली, सिटिंगच्या आधी ठरलेल्या वेळी. सोबत कुणीतरी असायचं, कारण नंतर झोप यायची. दोन आठवड्यांनी लागेनाशी झाली. यात कमीपणा काहीच नाही.

या कामातली टेक्नॉलॉजिस्ट

रुग्ण नाही, तरी लिहिते. आम्ही खोलीबाहेर जातो कारण आम्हाला हे दिवसभर, वर्षानुवर्षं करायचं असतं, आत थांबलो तर किरण रोज आमच्याही अंगावर येतील. तुम्हाला टाकून जात नाही. पडद्यावर तुम्ही दिसता आणि आमचा आवाज आत पोचतो. मशीन मध्येच थांबवता येतं आणि राहिलेला डोस तिथूनच पुढे देता येतो, म्हणून हात वर केल्याने उपचार वाया जात नाहीत.

एक मात्र कळकळीने सांगते. भीतीपोटी घरी बसू नका. मध्ये खंड पडला की गाठीच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. येववत नसेल तर फोन करा, आल्यावर आधी बोलू. आणि मास्क अचानक घट्ट किंवा सैल वाटायला लागला तर तेही सांगा. सूज येते, वजन उतरतं, कधी नवा मास्क करावा लागतो. दर वेळी तो मनाचा खेळ नसतो.

गाल, ३० सिटिंग

मला मास्कचं काही वाटलं नाही, मी तर आत डुलकी काढायचो. माझी भीती चौथ्या आठवड्यात आली, रात्री. तोंड सोललेलं, लाळ दोऱ्यासारखी चिकट, झोप लागली की ठसका लागून जाग यायची. मग झोपायचीच भीती. पाण्याचा घोट घ्यायच्या आधी हात कापायचा. वाटलं, आता असंच राहणार. डोकं उंच ठेवून झोपणं, दुखण्याचं औषध घोटाच्या आधी घेणं, आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंनी समोर बसून घ्यायला लावलेला एकेक चमचा, याने हळूहळू धीर आला. समुपदेशकाकडे मुलीने ओढत नेलं. तिथे मी पहिल्यांदा "मला मरायची भीती वाटते" हे शब्द मोठ्याने उच्चारले.

नाकामागची गाठ, ३३ सिटिंग

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी घरी येऊन कोसळलो. रोज तपासणारं कुणी नाही, आणि तोंड पुढचे दोन आठवडे आणखी बिघडलं. ते तसं होतंच, किरणांचा परिणाम थांबल्यावरही चालू राहतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आजार परत आला असं मला वाटलं नसतं. मग तीन महिन्यांनी स्कॅन. त्याच्या आधीचा आठवडा अजूनही दर वेळी जडच जातो. त्या आठवड्यात मी रिपोर्टबद्दल दिवसातून एकदाच बोलायचं, संध्याकाळी, भावाशी, असं ठरवलंय. पुष्कळ दिवस ते जमतं.

उद्या मास्क बनणार आहे

सगळं वाचलं, दोनदा. हाताची खूण विचारून घेईन. साधा प्रश्न आहे, दाढी ठेवली तर चालेल का?

— धागा सुरू करणारी : उद्याच्या आधी फोन करून विचारा. ठेवा किंवा काढा, पण मास्क बनताना जशी असेल तशीच शेवटपर्यंत राहू द्या, केसही. नाहीतर मास्क नीट बसत नाही. आणि उद्या झाल्यावर इथे लिहा, मी बघत असेन.