मदत हवी आहे: सातवीचा वर्ग तोंडच उघडत नाही

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला गणित शिकवते. पट ४१, तास ३५ मिनिटांचा. हीच मुलं पाचवीत ‘बाई, मी सांगू?’ म्हणत बाकावर उभी राहायची. आता हात वर होत नाही. कुणी चुकलं की मागच्या बाकांवरून खिदळणं सुरू होतं, म्हणून. उणे गुणिले उणे अधिक का, हा प्रश्न एका मुलीच्या वहीच्या समासात लिहिलेला सापडला. तासाला मात्र ती गप्प.

जोड्या लावून पाहिल्या. मुलगा-मुलगी अशा लावल्या, हा माझाच गाढवपणा. दोन दिवस नुसती चिडवाचिडवी. निनावी चिठ्ठ्या चालल्या, पण त्यातच तास संपतो. हसणाऱ्यांच्या म्होरक्याशी एकट्याशी बोलले. आठवडाभर शांत, मग पुन्हा तेच. तो गणितात पक्का आहे, पण त्याचा आवाज फुटतोय आणि मोठ्याने वाचायला सांगितलं की तोच लाजून खाली बघतो.

पालकांना बोलवा, हे कृपया सुचवू नका. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे, कुणी येत नाही. आलेच तर पोराला तिथंच बडवतात. शिक्षा कायद्याने करता येत नाही आणि मला करायचीही नाही. बाक लांब आणि जड आहेत, गोलात बसवणं जमत नाही.

सहावी ते आठवीला शिकवणाऱ्यांना विचारते: त्या म्होरक्याचा सगळ्यांदेखत पाणउतारा न करता हे हसणं तुम्ही कसं थांबवलंत, आणि तासातली पहिली पाच मिनिटं नेमकी कशी वापरलीत?