मदत हवी आहे: दोन पॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये एफ५ उलट्या दिशेने कॉपी करते

घाईतला_गडी (धागाकर्ता)
नमस्कार. माझ्या फाइल मॅनेजरमध्ये शेजारी शेजारी दोन पॅनल, म्हणजे फाइलींच्या दोन याद्या, दिसतात. मी डाव्या पॅनलमधल्या फाइली निवडतो, उजव्या पॅनलमध्ये हवे ते फोल्डर उघडतो आणि एफ५ दाबतो. कधी सगळे सुरळीत पार पडते, पण बहुतेक वेळा उजवीकडचीच एखादी भलती फाइल डावीकडे कॉपी करायची का, असे विचारणारी चौकट समोर येते. कधी तर एकही फाइल निवडलेली नाही, असा संदेश येतो. वास्तविक डावीकडे लाल झालेल्या फाइलींची रांग मला डोळ्यांनी दिसत असते! त्यात भर म्हणजे उजव्या क्लिकने मेनू येत नाही, उलट फाइलच लाल होते. प्रोग्राम काढून पुन्हा टाकून झाला. काम आजच संपवायचे आहे, तेव्हा जाणकारांनी नेमका उपाय सांगावा. ‘आधी शोधून पाहा’ असे कृपया कोणी सुचवू नये.

आळशी_बोटे
लॅपटॉप आहे का? असल्यास दोष एफ५ मध्ये नसून एफएन कळीत आहे. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळी आधी आवाज, प्रकाश वगैरे कामे करतात आणि खरी एफ५ मिळण्यासाठी एफएन दाबून धरावी लागते. काही यंत्रांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की ही अदलाबदल कायमची होते, तर काहींवर ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन करावी लागते.

घाईतला_गडी
लॅपटॉपच आहे, पण एफ५ दाबल्यावर कॉपीची चौकट उघडते, असे मी वर स्पष्ट लिहिले आहे. कळ चालते, दिशा चुकते.

कोपऱ्यातला_कर्सर
प्रोग्राम कोणता आणि प्रणाली कोणती, हे कळल्याशिवाय कोणीही अंदाजानेच बोलणार. दोन पॅनलचे फाइल मॅनेजर डझनभर तरी आहेत आणि माउसच्या बाबतीत प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे आहेत. शिवाय सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: उजवीकडचे फोल्डर तुम्ही कीबोर्डने उघडता की माउसने, आणि ते उघडल्यानंतर एफ५ दाबण्यापूर्वी मध्ये आणखी काही करता का?

निळी_चौकट
आमच्या पिढीला हे प्रश्न पडत नसत, कारण विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवर माउस असलाच तर शोभेपुरता असे. जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर हा दोन पॅनलचा फाइल मॅनेजर १९८६ साली आला, तेव्हापासून एफ३ पाहण्यासाठी, एफ४ संपादनासाठी, एफ५ कॉपीसाठी, एफ६ हलवण्यासाठी किंवा नाव बदलण्यासाठी, एफ७ नव्या फोल्डरसाठी आणि एफ८ डिलीटसाठी, ही घडी आजतागायत मोडलेली नाही. १९९३ मध्ये विंडोज कमांडर आला, २००२ मध्ये त्याचे नाव टोटल कमांडर झाले, १९९४ मध्ये युनिक्सच्या बाजूला मिडनाइट कमांडर आला. पण एफ५ सगळीकडे एफ५ च राहिली. एकदा बोटांना सवय लागली की प्रोग्राम बदलला तरी हात अडत नाही. माझा सल्ला एवढाच, की माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवावा.

दोन_खिडक्या
या सगळ्या कटकटीपेक्षा विंडोजचे दोन एक्स्प्लोरर शेजारी शेजारी उघडावेत आणि फाइली ओढून न्याव्यात. मला तरी आजवर यापेक्षा जास्त कशाची गरज भासलेली नाही.

कोपऱ्यातला_कर्सर
@दोन_खिडक्या, एक्स्प्लोररमध्ये त्याच ड्राइव्हवर फाइल ओढली तर ती हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची कॉपी होते. कंट्रोल किंवा शिफ्ट धरून हे आपल्याला हवे तसे करता येते, पण ज्यांना ते ठाऊक नसते ते मूळ फाइल कुठे गेली म्हणून शोधत बसतात. धागाकर्त्यांची अडचण दिशेचीच असताना त्यांना ही दुसरी भानगड कशाला?

घाईतला_गडी
विंडोज ११, टोटल कमांडर. उजवीकडचे फोल्डर अर्थात माउसनेच उघडतो, म्हणजे डाव्या बटणाने डबल क्लिक करतो आणि लगेच एफ५ दाबतो. मध्ये काहीही करत नाही. यात सांगण्यासारखे काही आहे, असे मला वाटले नव्हते.

कोपऱ्यातला_कर्सर
सगळे कोडे इथेच आहे. या जातीच्या प्रोग्राममध्ये डावे म्हणजे मूळ आणि उजवे म्हणजे गंतव्य असा कोणताही नियम नसतो. ज्या पॅनलमध्ये कर्सर (माउसचा बाण नव्हे, तर यादीतल्या एका ओळीवरची खूण) आहे ते मूळ आणि दुसरे ते गंतव्य, एवढाच नियम असतो. तुम्ही उजवीकडे डबल क्लिक करता त्या क्षणी उजवे पॅनल सक्रिय होते आणि डावीकडच्या लाल फाइलींचा एफ५ शी संबंध संपतो. त्या लाल राहतात खऱ्या, परंतु त्या आता गंतव्य बाजूला आहेत.

पुढचा भागही यावरूनच उलगडतो. सक्रिय पॅनलमध्ये काही निवडलेले असेल, तर काम फक्त निवडलेल्या फाइलींवर होते. काहीच निवडलेले नसेल, तर कर्सरखालच्या एका फाइलीवर होते. उजवीकडे तुम्ही काही निवडलेले नसल्यामुळे जिथे कर्सर असेल तीच ‘भलती’ फाइल डावीकडे न्यायची का, असे विचारले जाते. आणि फोल्डर नुकतेच उघडलेले असताना कर्सर सर्वांत वरच्या दोन टिंबांच्या, म्हणजे एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये नेणाऱ्या, ओळीवर असेल, तर ती ओळ फाइल नसल्यामुळे काहीच निवडलेले नाही, असा संदेश येतो.

उपाय एका कळीचा आहे: उजवीकडचे फोल्डर उघडून झाल्यावर टॅब दाबून डावीकडे परत यावे आणि मग एफ५ दाबावी. कोणते पॅनल सक्रिय आहे, हे पॅनलवरच्या मार्गाच्या पट्टीचा रंग पाहिल्यावर कळते. कॉपीच्या चौकटीतही गंतव्याचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. एंटर दाबण्यापूर्वी तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. तो मार्ग तिथेच खोडून दुसरा लिहिता येतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

शिफ्ट_सोडा
उजव्या क्लिकविषयी कोणीच बोललेले नाही. टोटल कमांडरच्या सेटिंगमध्ये माउसने निवड कशी करायची याचे दोन पर्याय आहेत: एक विंडोजसारखा, डाव्या बटणाचा, आणि दुसरा नॉर्टन कमांडरच्या वळणाचा, उजव्या बटणाचा. तुमच्याकडे दुसरा चालू आहे. पहिला निवडा, उजव्या क्लिकने मेनू येऊ लागेल आणि प्रश्न मिटेल.

निळी_चौकट
हा सल्ला मला पटत नाही. डाव्या बटणाची पद्धत घेतली की कंट्रोल धरून जमवलेली सगळी निवड एका साध्या क्लिकने पुसली जाते, आणि ज्यांना मध्येच दुसऱ्या फाइलीवर क्लिक करण्याची सवय आहे त्यांच्यासाठी हे जास्त तापदायक आहे. उजव्या बटणाच्या पद्धतीत डावे बटण फक्त कर्सर हलवते आणि उजवे बटण फक्त निवड करते. निवड आपण काढेपर्यंत जात नाही. उजवे बटण दाबून तसेच खाली ओढत नेले तर ओळीने फाइली निवडल्या जातात. मेनू हवा असेल तर उजवे बटण सुमारे सेकंदभर दाबून धरावे, तो येतो.

शिफ्ट_सोडा
माउस ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगणाऱ्यांनी माउसच्या पद्धतीवर इतके सविस्तर लिहावे, याची गंमत वाटली. सेकंदभर बटण धरून बसणे कोणाला परवडते? ज्यांना दिवसभर इतर प्रोग्रामही वापरायचे असतात त्यांनी हाताला दोन सवयी का लावाव्यात? शिवाय माउसच वापरायचा तर एफ५ चीही गरज नाही. निवडलेल्यांपैकी एक फाइल धरून दुसऱ्या पॅनलवर ओढली की सगळ्या एकत्र जातात आणि जिथून उचलले तेच मूळ ठरत असल्यामुळे दिशा चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

कोपऱ्यातला_कर्सर
ओढण्याचा मुद्दा योग्य आहे, पण त्यातही एक खोच आहे. यादीतल्या एखाद्या फोल्डरवर बटण सुटले तर फाइली त्या फोल्डरच्या आत जातात, आणि भरगच्च यादीत रिकामी जागा सापडेलच असे नाही.

टर्मिनलवासी
लिनक्सवर मिडनाइट कमांडरमध्येही उजव्या क्लिकनेच फाइल निवडली जाते आणि एफ५ सक्रिय पॅनलमधूनच कॉपी करते, तेव्हा हा काही विंडोजचा चमत्कार नव्हे. इन्सर्ट किंवा कंट्रोल आणि टी या कळींनी निवड होते. काही टर्मिनलांमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्यांमध्ये) एफ१० दाबल्यावर प्रोग्राम बंद होण्याऐवजी टर्मिनलचाच मेनू उघडतो. तेव्हा एस्केप दाबून मग शून्य दाबावे. फंक्शन कळी नसलेल्या कीबोर्डवर एस्केपनंतर पाच म्हणजे एफ५, ही सोय फार उपयोगाची आहे.

नावात_काय
अनेक फाइलींची नावे एकदम बदलायची असतील, तर त्या निवडून कंट्रोल आणि एम दाबावे. नव्या नावात क्रमांक, तारीख असे काहीही घालता येते आणि नावे प्रत्यक्ष बदलण्याआधी नवी यादी शेजारी दिसते. टोटल कमांडरची ही सोय मला सर्वांत जास्त आवडते.

घाईतला_गडी
नावे बदलण्याविषयी कोणीही विचारलेले नाही. असो. टॅब दाबून एफ५ दाबल्यावर फाइली बरोबर गेल्या. उजव्या बटणाची पद्धत मी तशीच ठेवतो आहे, कारण निवड पुसली जाणे मला चालणार नाही. एक शंका उरते: प्रत्येक वेळी उजवीकडे जाऊन टॅबने परत येण्याऐवजी डावीकडूनच उजवे पॅनल बदलता येते का? आणि गंतव्य फोल्डरमध्ये त्याच नावाच्या काही फाइली आधीपासून आहेत. त्यांतल्या काही डावीकडच्यांपेक्षा नव्या आहेत, त्या मला गमवायच्या नाहीत.

कोपऱ्यातला_कर्सर
डावीकडे एखाद्या फोल्डरवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा बाण दाबल्यास ते फोल्डर उजव्या पॅनलमध्ये उघडते आणि तुम्ही डावीकडेच राहता. मात्र हवे असलेले फोल्डर डावीकडे दिसत असेल तरच याचा उपयोग; अन्यथा टॅबला पर्याय नाही. उजवीकडे गेल्यावर कंट्रोल आणि डी दाबून नेहमीच्या फोल्डरांची यादी उघडली, तर निदान डबल क्लिकांची माळ तरी वाचते.

दुसऱ्या शंकेबाबत: त्याच नावाची फाइल आढळली की प्रोग्राम थांबून विचारतो आणि दोन्ही फाइलींचा आकार व तारीख समोर ठेवतो. तिथे सरसकट सगळ्यांवर लिहिण्याचा पर्याय न घेता फक्त जुन्या असतील त्यांवरच लिहिण्याचा पर्याय निवडावा. मग उजवीकडच्या नव्या फाइली जशाच्या तशा राहतात.