आंबोलीत पाल्यात सापडलेला लाल पोटाचा साप कुठला?

काजूबी:
परवा आंबोलीला मामाकडे होते, रात्री पाऊस जरा उघडला म्हणून मागच्या दारी फणसाखालचा कुजलेला पाला सारत होतो तर हातभर लांबीचा साप निघाला. करंगळीएवढा जाड, पाठ जांभळट तपकिरी, चकचकीत, नक्षी काहीच नाही पण डोक्यावर नारिंगी पट्टा. काठीने बाजूला केला तर पोट शेंदरी! मामा म्हणाला खापरखवल्या आहे, काय करत नाही, आणि हाताने उचलायलाच निघाला, मी ओरडले म्हणून थांबला. कुठला असेल?

मातीवाला:
ओरडलीस ते फार बरं केलंस. हा पोवळा साप, नाग-मण्यारच्या कुळातला, म्हणजे विषारी. तू सांगतेस तसा बिननक्षीचा, नारिंगी पट्ट्याचा म्हणजे कॅलिओफिस कॅस्टोई. ही जात 2012 मध्ये नवीन म्हणून जाहीर झाली, वरद गिरी आणि हेमंत ओगले हे सापांचे अभ्यासक पण त्या शोधात होते. दक्षिण महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक एवढाच याचा मुलूख, सदाहरित जंगलातल्या ओल्या मातीत आणि पाल्याखाली राहतो त्यामुळे माणसाला दिसतच नाही. तुला दिसला, खरंच नशीबवान आहेस.

घाटपायथा:
मामांचा घोळ समजू शकतो, दोन्ही साप मातीतलेच. पण खापरखवल्याची शेपटी बघा, तिरकी छाटल्यासारखी असते आणि टोक खापरासारखं खरखरीत, तो बिचारा गांडुळं खातो. पोवळ्याची शेपटी निमुळती. आणि पोवळे खातात काय तर वाळा, खापरखवल्या असले बिळातले छोटे सापच!

काजूबी:
बापरे. चावला असता तर इंजेक्शन आहे का यावर?

मातीवाला:
आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, पोवळ्यासाठी वेगळं असं नाही. विष मज्जासंस्थेवर काम करणारं, म्हणून चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं काही न करता हात हलू न देता थेट हॉस्पिटल, तिथे श्वासावर लक्ष ठेवतात. तोंड लहान, स्वभाव लाजाळू, त्यामुळे चावल्याच्या घटना कमी, पण मामांसारखं उचलायला गेलं की मग तो तरी काय करणार. मारला नाही ना?

काजूबी:
नाही नाही, पाला परत तसाच पसरला, तो आत गेला. मामाला आता शेपटी बघायला सांगितलीय, तीही लांबूनच.