रिक्षात केलेली तयारी ही तयारी नव्हे

चौकटीची वही

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) चालवायच्या तयारीवर काल ‘नॅचरल वीस’ यांनी जे लिहिलं त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं असं: ‘डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आठवडाभर तयारी करायची म्हणजे स्वतःची कादंबरी खेळाडूंच्या गळ्यात मारायची. मी सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला रिक्षाने येईपर्यंत जे सुचतं त्यावर आरामात सेशन काढतो. खऱ्या डीएमला वही लागत नाही.’

साहेब, मी तुमच्या टेबलावर बसलेलो आहे. अर्धा वेळ तुम्ही मोबाइलवर मॉन्स्टर शोधत होता. गावच्या पाटलाचं नाव मध्येच बदललं आणि त्याची बायको त्याची बहीण झाली. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी कच्च्या, चौघा पात्रांपुढे तुम्ही ओगर (धिप्पाड राक्षस) उभा केलात, कारण रिक्षात तोच आठवला. ओगरच्या सोट्याचा सरासरी मार 13, आमच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, 8. सीआर 2 (चॅलेंज रेटिंग, राक्षस किती अवघड त्याचा आकडा) असं त्याच्या नावाखाली छापलेलं असतं ते शोभेला नाही. विझार्ड घेतलेलं पोरगं पहिल्यांदाच खेळायला आलं होतं. पहिल्या फेरीत आडवं झालं आणि उरलेली संध्याकाळ शेंगा फोडत बसलं. पुन्हा आलं नाही.

तयारी म्हणजे कथा लिहिणं हे तुम्हाला सांगितलं कुणी? मी जागा लिहितो, माणसं लिहितो, आणि खेळाडूंनी हातावर हात ठेवून बसायचं ठरवलं तर काय काय घडेल ते लिहितो. गेल्या महिन्यात खेळाची जागा म्हणून आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, सगळं आयतं. किल्लेदाराचा पगार थकलाय, कोठीवाल्याने धान्यात काहीतरी लपवलंय, तलावातल्या चेटकिणीला दोघांपैकी एकाचा जीव हवाय. मला वाटलं होतं दरवाजावरून येतील. आले तलावातून, रात्री, पखाली फुगवून. माझं काहीही अडलं नाही, कारण त्या बाजूला रात्री पहाऱ्यावर कोण असतं आणि तो किती पितो हे वहीत होतं.

आणि सुगावे. खेळाडूंना एखादी गोष्ट कळायलाच हवी असेल तर तिचे तीन सुगावे पेरावे लागतात. एक ते बघत नाहीत, दुसऱ्याचा उलटा अर्थ लावतात, तिसरा नशिबाने हाती लागतो. रिक्षात एकच सुचतो. मग ‘परसेप्शन टाका’ (काही नजरेस पडतंय का, त्याचा वीस बाजूंचा फासा), पडतो 4, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

नॅचरल वीस

नाव घेऊन धागा काढलास, आभारी आहे बे.

पहिलं, तो विझार्ड मेला नव्हता, बेशुद्ध होता. 8 मधून 13 गेले, शून्याखाली 5. एका फटक्यात मरायला शून्याखाली 8 जावे लागतात. वही कमी आण, नियम वाचून ये. दुसरं, ओगरला मारायचंच नव्हतं. तो भुकेला होता. तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं का, बाबा तुला काय पाहिजे? सरळ तलवारी उपसल्या.

तिसरं, एवढी वही वही करतोस तर हा खेळ निघाला कुठून ते आठव. साठच्या दशकाच्या शेवटी डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक प्रशियन गावावर एक युद्धखेळ मांडला. खेळाडू योजलेलं सगळं सोडून भलतीकडे गेले, दोघांनी आपसात द्वंद्व लावलं, आणि वेस्लीला वाटलं खेळ फसला. खेळणारे मात्र विचारत होते, पुन्हा कधी? त्यांच्यात डेव्ह आर्नसन होता. गायगॅक्स आणि आर्नसनचा 1974 चा डी अँड डी त्याच वाटेने आला. फसलेल्या तयारीतून आला, हे लक्षात घे.

चौकटीची वही

वेस्लीने प्रत्येक खेळाडूला वेगळी भूमिका आणि वेगळा हेतू आधीच देऊन ठेवला होता, हे सोयीस्कर गाळलंस. कुणाला काय हवंय ते ठरलेलं होतं, म्हणून तर ते भांडले. मी वहीत हेच लिहितो.

आणि ओगर भुकेला होता हे आम्हाला कळावं म्हणून तू नेमकं काय केलंस? चुलीवर रिकामं भांडं ठेवलंस? अर्धी खाल्लेली शेळी? ‘मोठा ओगर आहे, इनिशिएटिव्ह टाका’ (लढाईत आधी पाळी कुणाची, त्याचा फासा) एवढंच बोललास. इनिशिएटिव्ह टाकायला लावल्यावर गप्पा कोण मारणार?

भुईकोट

मूळ वादात पडत नाही. पण वर ‘किल्लेदाराचा पगार थकलाय’ यापेक्षा भारी मसाला आपल्याच इतिहासात पडलाय. चांदबीबीच्या लग्नात हुसेन निजामशहाने सोलापूरचा किल्ला अली आदिलशहाला हुंड्यात दिला. 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधीची गोष्ट. पुढे अहमदनगर आणि विजापूर त्यावरून भांडत राहिले. हुंड्यात आलेला किल्ला, दोन्ही घरांचे लोक आत, कुणाची निष्ठा कुठे ते कुणालाच माहीत नाही. चेटकीण कशाला हवी?

चौकटीची वही

हे घेतलं. चेटकीण राहील.

पहिलाच डाव

तो विझार्ड मी.

शेंगा फोडत बसलो होतो हे खरं आहे. पण पुन्हा आलो नाही ते ओगरमुळे नाही. सेशन साडेअकराला संपलं आणि तेव्हा विडी घरकुलला यायला एक रिक्षावाला तयार होईना. चालत निघालो होतो, शेवटी काकांना गाडी घेऊन बोलवावं लागलं. ओगर मला आवडला होता.

मला स्वतः डीएम व्हायचंय, म्हणून विचारतो: सुरुवातीला नेमकं काय तयार करू? पुस्तकं लई महाग आहेत.

शेंगापोळी

मी ‘चौकटीची वही’ची बहीण. दादाच्या तयारीचं एवढं कौतुक चाललंय तर उरलेली अर्धी तयारीही लिहून टाकते, ती कुठल्या वहीत नसते.

रविवारी आमच्याकडे सहा जण येतात. दादा सकाळपासून नकाशा रंगवतो. आई भाकऱ्या थापते, कारण ‘पोरं दुपारपासून बसलेली असतात’. शेंगाचटणी मी कुटते. आणि रविवारी नळाला पाणी आलं की विचारूच नका. आपल्याकडे पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, कळश्या, सगळं भरून होईपर्यंत घरातला एकही माणूस मोकळा नसतो. मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा हॉलमध्ये सहा धडधाकट पुरुष ड्रॅगनचं अंडं कुणाचं यावर वाद घालत होते, आणि मी मोटर बंद करायला, मग पाइप हलवायला, मग पिंप झाकायला पळत होते. एकाने बसल्या जागेवरून मला विचारलं, ‘ताई, जरा पाणी मिळेल का?’

नॅचरल वीस

घ्या. तयारीवाल्यांची तयारी दुसरंच कुणी करतंय. रिक्षात केलेली तयारी निदान मी स्वतः करतो.

शेंगापोळी

पाणी मागणारे तुम्हीच होता.

कंबर तलाव

या पोरीला माझा पाठिंबा. मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा आहे, म्हणून बोलायचा हक्क घेतो.

घर हा या खेळाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या भाड्याच्या खोलीत आम्ही खेळायचो. एकदा घरमालक अचानक दारात. चटईवर फासे, हातात पेन्सिली, मध्ये चिल्लर, आणि एक जण ओरडतोय, ‘दे, सगळं सोनं दे!’ चिल्लर गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) म्हणून मांडली होती हे मी त्या माणसाला कसं पटवणार? त्याने माझ्या वडिलांना फोन लावला. पोरगा जुगार खेळतो म्हणून वडील अक्कलकोटहून पहिल्या एसटीने आले. वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा करत बसले. मग म्हणाले, ‘यात पैसे जात नाहीत ना? मग कशाला खेळता?’

तेव्हा घर पाळीपाळीने बदला. ज्याच्याकडे त्या रविवारी पाणी येणार त्याच्याकडे खेळायचं नाही.

नॅचरल वीस

बोलायला सोपं आहे, काका. आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडांत एक नळ. माझ्याकडे सहा जण आले तर बसतील कुठे? होटगी रोडला कॅफेत बसायचं म्हटलं तर दर तासाला काहीतरी मागवावं लागतं. एक कोल्ड कॉफी चौघांत फिरवली की वेटर टेबल पुसायला येतो. पुसलेलंच पुन्हा पुसतो. मी वही आणत नाही याला तेही कारण आहे. दहा मिनिटांत उठवणार असतील तर नकाशा कुठे पसरू?

चौकटीची वही

हे आधी सांगितलं असतंस तर मी एवढं लिहिलं नसतं. जागा नसते म्हणून वही नाही, ही एक गोष्ट. खऱ्या डीएमला वही लागत नाही, ही दुसरी. काल तू दुसरी लिहिलीस.

नॅचरल वीस

बरं, काल जरा जास्त लिहिलं. खूश? तरी तुझ्या भुईकोटात मी होतो. कोठीवाल्याच्या पणजोबाची माहिती वीस मिनिटं वाचून दाखवलीस. कुणी विचारली होती?

चौकटीची वही

पणजोबा महत्त्वाचे होते.

भुईकोट

नव्हते.

शेंगापोळी

नव्हते. आणि ते वाचणं चालू असताना भाकऱ्या वाढायला मी उभी होते.

कंबर तलाव

त्या पोराला कुणीच उत्तर दिलं नाही. हीच तुमची तयारी.

पोरा, पुस्तकं विकत घेऊ नकोस. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहेत, ते उतरवून घे आणि लागतील तेवढीच पानं झेरॉक्स काढ. एक जागा घे, तुझ्या ओळखीची. तिथे तीन माणसं ठेव आणि तिघांना एकच वस्तू हवी असू दे. लढाई एकच, चार गॉब्लिन. प्रत्येकी हिट पॉइंट 7, एसी (आर्मर क्लास, फटका लागायला गाठायचा आकडा) 15, एवढं कागदाच्या कोपऱ्यात लिही म्हणजे मोबाइल बघावा लागणार नाही. चौघंही खेळाडू नवखे असतील तर तीनच ठेव, आणि एकाला पळून जाऊ दे. पोरं त्याच्या मागे धावतील आणि पुढच्या रविवारची सोय होईल. दहा नावं आधीच लिहून ठेव, पाटलाची बायको बहीण होणार नाही. बाकी सुचेल तसं.

नॅचरल वीस

बघा, ‘बाकी सुचेल तसं’.

चौकटीची वही

त्याआधी नऊ वाक्यं आहेत, ती वाच.

पहिलाच डाव

थँक्यू काका. माझी जागा नान्नजचं माळरान. माळढोकाचं अंडं तिघांना हवंय, वनरक्षकाला वाचवायला, सावकाराला विकायला, आणि एका म्हातारीला का ते अजून ठरवलं नाही. चालेल का?

येत्या रविवारी खेळायला आमच्याकडे या. गच्ची मोठी आहे. फक्त नऊला संपवू, नाहीतर परत जायला तुम्हालाही रिक्षा मिळणार नाही.

शेंगापोळी

त्या रविवारी आमच्याकडे पाणी आहे, त्यामुळे दादा सकाळचा येणार नाही, पिंपं भरून दुपारी येईल. भाकरी कुणीही माझ्याकडून आणायची नाही. मी खेळायला येणार आहे. मला रोग (‘रोग’ म्हणजे आजार नव्हे, खेळातला चलाख चोर) घ्यायचाय, आणि कॅरेक्टर शीटला चटणीचा हात लावलेला चालणार नाही.

नॅचरल वीस

रोग मी आहे.

शेंगापोळी

होतात.