'घरला' की 'घरी'? आणि बिऱ्हाड कुठं गेलं?

अनगोळहून

परवा पुण्यातली भाची फोनवर होती. बोलता बोलता मी म्हणालो, "थांब, घरला जायलोय, पोचल्यावर लावतो." ती हसली. "मामा, घरला नाही हो, घरी." शाळेत निबंधाच्या वहीत याच शब्दाखाली लाल रेघ यायची, त्यामुळं नवल वाटलं नाही. पण रात्री पडल्यापडल्या एक गोष्ट डोक्यात आली, ती इथं मांडतो.

'घरी' आम्ही बेळगावकडचे बोलण्यात वापरतच नाही. पुस्तकी मराठीत 'तो घरी आहे' आणि 'तो घरी गेला', दोन्हीकडं एकच रूप. आमच्याकडं ही दोन कामं वाटून दिलेली आहेत. तो घरात आहे. तो घरला गेला. दारात उभं राहून कुणी "हाईत काय घरात?" विचारलं, तर माणूस माजघरात असो, न्हाणीत असो की मागं परड्यात, उत्तर "हाईत की" हेच.

आता आमच्या इमारतीतलं सांगतो. तळमजल्यावर कन्नड कुटुंब. त्यांचं जाणं 'मनिगे' आणि असणं 'मन्याग'. "मन्याग अदारेन री?" ही हाक दिवसातून चारदा जिन्यात घुमते. आमच्या समोरचे दखनी उर्दू बोलतात: जाताना 'घरकू', असताना 'घर में'. वरच्या मजल्यावरच्या आजी कोंकणी, त्या मात्र 'घरा वतां' आणि 'घरा आसा', एकाच रूपात दोन्ही उरकतात. म्हणजे भाची आणि कोंकणी आजी एका बाजूला, बाकीचा जिना दुसऱ्या बाजूला. माझा अंदाज असा की ही वाटणी आम्ही कन्नडकडून उचलली. जाणकारांनी सांगावं.

निपाणीहून

घाई करू नका. 'घरला' कागल, गडहिंग्लज, कोल्हापुरातही ऐकू येतं, आणि तिथं जिन्यात 'मनिगे' म्हणणारं सहसा कुणी नसतं. शेजारच्या भाषेनं एखादं रूप टिकवून धरायला मदत केली असेल, पण ते तिनंच दिलं म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही. सीमाभागात आपल्याला एक खोडच आहे. बोलीत काही वेगळं दिसलं की एक तर ते कन्नडच्या खात्यावर टाकायचं, नाही तर 'हीच अस्सल मराठी' म्हणून छाती पुढं काढायची.

मला 'घरला'त वेगळीच गंमत दिसते. व्याकरणाप्रमाणं घर या नामाला 'ला' लागताना सामान्यरूप व्हायला हवं: घराला. आणि ते आपण करतोच. 'घराला रंग दिला', 'घराला कुलूप लावलं', 'घराला पत्रे घातले'. इथं कुणीही 'घरला रंग दिला' म्हणणार नाही. पण जायचं असलं की 'घरला'. सामान्यरूप गायब.

हे कुठं होतं? गावांच्या नावात. साधं गाव असलं तर 'गावाला गेलो'. तेच बेळगाव असलं तर 'बेळगावला गेलो'. 'बेळगावाला' कानाला खटकतं. शब्द तोच, पण विशेषनाम झाला की तो वाकत नाही. 'घरला' म्हणताना आपण घराला गावाच्या नावासारखं वागवतोय. भिंती-पत्र्याचं ते घराला. जिथं जायचं ते घरला. ही सोय भाचीच्या मराठीत नाही. तिला सांगा.

येळ्ळूरहून

गावांची नावं वाकत नाहीत कशी? पुण्याला, साताऱ्याला, ठाण्याला. वाकतात की चांगली.

निपाणीहून

बरोबर, माझं वाक्य मोठं झालं. पुणे, सातारा, ठाणे ही शेवटी 'ए' किंवा 'आ' असलेली नावं वाकतात. व्यंजनावर संपणारी वाकत नाहीत: कोल्हापूरला, नाशिकला, येळ्ळूरला. 'घर' उच्चारात व्यंजनावरच संपतं, त्यामुळं तुलना या दुसऱ्या गटाशी. मुद्दा तेवढाच ठेवतो.

जाता जाता: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. पाट्यांवर ते आहे, बसवर आहे. पण मराठीत 'बेळगावीला जातो' म्हणणारा मला अजून भेटला नाही. 'ला' जुन्या नावालाच चिकटून बसलाय.

वडगावहून

आमच्याकडं घरातच माग. सकाळी सातला खटखट सुरू होते, ती थांबेपर्यंत माणूस 'घरात'च. घरला जायचा प्रश्नच येत नाही, निघालोच नाही तर जाणार कुठून! (शहापूरच्या साड्या इथं वडगावात विणतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.)

खानापूरहून

वरच्या 'मनिगे'तल्या मनी या शब्दावरून आठवलं. आपल्याकडं होसमनी, हळेमनी, दोड्डमनी ही आडनावं सर्रास आहेत. बाहेरून आलेल्यांना त्यात इंग्रजी पैसा दिसतो आणि ते गालात हसतात. पण उत्तर कर्नाटकच्या बोलीत मने म्हणजे घर हे 'मनी' होतं. होस म्हणजे नवं, हळे म्हणजे जुनं, दोड्ड म्हणजे मोठं. आता मराठी आडनावं घ्या: नवघरे, जुनघरे. होसमनी आणि नवघरे शेजारी राहायला आले तर पत्र चुकीच्या दारात टाकल्याबद्दल पोस्टमनला दोष देता येणार नाही.

आणि म्हणसुद्धा एकच. आपण म्हणतो, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. कन्नडमध्ये: 'मनी कट्टि नोडु, मदुवि माडि नोडु.' कट्टि म्हणजे बांधून, माडि म्हणजे करून, नोडु म्हणजे बघ. शब्दाला शब्द. ही कुणी कुणाकडून घेतली यावर भांडायला मी तयार नाही. घर बांधताना गवंडी दोघांनाही सारखाच रडवतो.

शहापूरहून

मूळ प्रश्नात 'बिऱ्हाड' शीर्षकात आलं आणि तिथंच राहिलं. त्याबद्दल दोन शब्द.

माझं लहानपण गल्लीतल्या एका वाड्यात गेलं. मालक पुढच्या सोप्यात, मागं चौकाभोवती सहा बिऱ्हाडं, एक आड, दोन संडास. 'वाड्यात सहा घरं' असं कुणी म्हणायचं नाही. घर एकच, ते मालकाचं, बिऱ्हाडं सहा. एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नवराबायको, चार पोरं आणि गावाकडून शिकायला आलेला पुतण्या मावायचा. त्यातली दोन बिऱ्हाडं कन्नड, एक उर्दू, पण पाणी भरायच्या रांगेतलं भांडण सगळ्यांचं मराठीत चालायचं. का ते मला अजून उलगडलं नाही. बहुधा भांडायला जी भाषा सगळ्यांना पुरते तीच तिथं चालते.

शब्दाकडं येतो. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बिऱ्हाड आहे, तात्पुरती राहायची जागा अशा अर्थानं. मराठीत 'बिढार' हेही रूप आहे. आणि किटेलच्या १८९४ च्या कन्नड कोशात 'बिडार' आहे, उतरायची जागा, मुक्काम. कन्नडमध्ये 'बीडु' म्हणजे तळ, छावणी. राजधानीला जुन्या लेखांत 'नेलेवीडु' म्हटलेलं सापडतं. म्हणजे तोच बीडु तंबूलाही आणि राजधानीलाही. इकडं मराठीनं त्या कुळातला शब्द घेऊन विंचवाच्या पाठीवर ठेवला.

आता हा शब्द मरायला टेकलाय. पोरं 'रेंटनं राहतो' म्हणतात. बोर्डावर 'टू लेट' असतं, त्याखाली कन्नडमध्ये बाडिगे आणि मराठीत भाडं. 'बिऱ्हाडकरू' तर माझ्या मुलाला पुस्तकातला प्राणी वाटतो. शब्द गेल्याचं मला वाईट वाटतं, वाड्याचं नाही. तो पाडून अपार्टमेंट उठलं तेव्हा माझी आई पहिल्यांदा स्वतःच्या संडासाला आतून कडी लावून बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अनगोळहून

या उत्तरानं माझंच काम वाढवलं. आमच्या भागात 'घर करणं' असा एक वापर आहे. "कुठं घर केलंय?" म्हणजे भाड्यानं कुठं राहायला गेलात. बिऱ्हाडाची जागा त्यानं घेतली असावी. कन्नडमध्ये हुबेहूब: 'मनी माड्यार', घर केलंय, म्हणजे भाड्यानं घेतलंय. एकदा मी पुण्याच्या एका पाहुण्याला हाच प्रश्न विचारला. त्याला वाटलं मी फ्लॅट विकत घेतल्याची चौकशी करतोय. बिचारा कर्जाच्या हप्त्यापासून सांगायला लागला.

निपाणीकरांचं 'घराला' आणि 'घरला' भाचीला पाठवलं. तिचं उत्तर आलं: "मग ऑफिसला का? ऑफिसाला का नाही?" आता यावर कोण बोलणार?

निपाणीहून

'ऑफिसाला कुलूप लावलं' असं आमचे वडील म्हणायचे, 'ऑफिसला गेलो' असंही म्हणायचे. पण परक्या शब्दांचं वाकणं एकूणच सुटत चाललंय, त्यामुळं तो साक्षीदार मी मानत नाही. भाची हुशार आहे.

टिळकवाडीहून

इतके दिवस नुसतं वाचत होते. माझा मुलगा तीन वर्षं झाली पुण्यात नोकरीला आहे. तिघं मित्र मिळून राहतात, एक बेळगावच्याच कॅम्प भागातला, एक हुबळीचा. तो नेहमी म्हणायचा, "आई, रूमवर पोचलो." इकडं यायचं असलं की "शुक्रवारी रात्रीच्या बसनं घरला येतो." रूमवर आणि घरला, यात कधी गल्लत नाही.

गेल्या महिन्यात दोन दिवस इथं राहून परत गेला. सकाळी सहाला फोन आला. "आई, घरला पोचलो." मला वाटलं बस चुकली आणि हा परत स्टँडवरून आलाय. मी दार उघडायला उठले सुद्धा.

व्याकरणाच्या हिशेबात हे कुठं बसतं ते निपाणीकरांनी बघावं.