बाबांना रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, पाणी कमी करावं का?

पडवीतला : बाबा ७४ वर्षांचे. आई-बाबा गावी असतात, संगमेश्वर तालुक्यात. दिवसा त्यांना काही त्रास नाही, पण रात्री झोपले की दर दीड-दोन तासांनी लघवीला. संडास परसात, आणि पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं. ते पडतील म्हणून आईचा डोळ्याला डोळा लागत नाही. साखर तपासली, नॉर्मल आहे. बीपीची गोळी चालू आहे. आता बाबांनीच नियम काढलाय, दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंब नाही. तरी उठणं आहेच, वर सकाळी लघवी गडद पिवळी. काय करावं?

कृष्णाकाठ : या वयात दुसरं काय, प्रोस्टेट. आमच्या सासऱ्यांचं तेच निघालं. सोनोग्राफी करून टाका.

सिस्टर_निवृत्त : सोनोग्राफी कराच, पण प्रोस्टेट म्हटलं की धार बारीक होते, जोर लावावा लागतो, दिवसाही घाई होते. यांना दिवसा काहीच नाही म्हणताय. उभी हयात मेडिसिन वॉर्डात गेली, म्हणून सांगते, आधी मोजा. मेडिकलमधून मापाचं भांडं आणा आणि तीन दिवस प्रत्येक वेळेची लघवी वेळेसकट वहीत लिहा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्याच खात्यात धरायची, ही सगळे विसरतात. चोवीस तासांची एकूण ३ लिटरच्या वर गेली तर प्रकरण वेगळं, तपासण्या वेगळ्या. एकूण बेताची पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीची, तर दोष मूत्राशयाचा कमी, रात्री लघवी तयारच जास्त होते आहे.
आणि सांगा, संध्याकाळी पाय सुजतात का? बीपीची गोळी कुठली? घोरतात का?
पाणी मात्र तोडू नका. दिवसभर नीट प्यायला द्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या. रात्रीच्या जेवणानंतरचा चहा असेल तर तो बंद.

पडवीतला : आईने मोजलं. एकूण साधारण दीड लिटर, त्यातली ८०० मिली रात्रीची! गोळी अॅमलोडिपिन. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटतो, बोट दाबलं तर खड्डा राहतो. घोरतात, पण पहिल्यापासूनच.

सिस्टर_निवृत्त : बघा, निम्म्याहून जास्त रात्रीच. दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. अॅमलोडिपिनने पाय सुजू शकतात. पण हृदय, मूत्रपिंड यांमुळेही सूज येते, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी बदलायची का ते त्यांना ठरवू दे. घोरताना मध्येच श्वास अडकतो का तेही आईंना बघायला सांगा, त्यानेही रात्री लघवी वाढते. तोवर दुपारी तासभर पाय उशांवर उंच ठेवून पडू दे, म्हणजे ते पाणी दिवसाच निघून जाईल. आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा लघवी अडली, लघवीतून रक्त आलं, ताप आला तर मात्र थांबू नका.

कृष्णाकाठ : आणि परसात जाणं?

सिस्टर_निवृत्त : खाटेखाली झाकणाचा युरिन पॉट. नाही म्हणतील; पुरुष पेशंट आधी नाहीच म्हणतात. विचारत बसू नका, आणून ठेवा.